कुणाच्या महिन्यातलं दुखणं

"दोन-चार दिवस साखरेवर लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले. "लस घेतल्यावर काही जणांची साखर थोडी वर जाते. ताप आला, जेवण कमी झालं, तरी इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. साखर मोजायची आणि फोन करायचा. पाणी भरपूर द्या."

"हो, हो," अमृता म्हणाली.

तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही. पण कडेवरच्या लेकीनं, सायलीनं, तिची ओढणी तोंडात कोंबली होती, मागची रांग पुढं रेटत होती, आणि उस्मानपुऱ्यातल्या त्या सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त होती. ज्येष्ठ मंडळींसाठी फ्लूच्या लसीचं शिबिर होतं. सासूबाईंना, म्हणजे मनकर्णाबाईंना, अमृताच घेऊन आली होती. लस घ्यायलाच हवी हे तिनं वाचलं होतं, साखर असलेल्या माणसाला फ्लू झाला तर तो किती छळतो हेही वाचलं होतं. वाचायची तिला सवयच होती. बी.एस्सी. झाल्यापासून औषधाच्या प्रत्येक बाटलीवरचा कागद ती शेवटपर्यंत वाचायची, सायलीला शिंक आली तरी तिचा श्वास मोजायची.

मग डॉक्टरांचं बोलणं कानाआड का गेलं? कारण साधं होतं. लक्ष ठेवायचे ते दोन-चार दिवस तिच्या घरातले नव्हतेच. उद्या महिना पालटत होता. उद्या सासूबाई शेंद्र्याला, थोरल्या जावेकडे जायच्या होत्या.

मनकर्णाबाईंचे मालक गेले तेव्हा तेराव्यानंतर दोघे भाऊ ओट्यावर बसले आणि त्यांनी आईचं ठरवून टाकलं. एक महिना थोरल्या बद्रीनाथकडे शेंद्र्याला, एक महिना धाकट्या सोमनाथकडे शहरात. चार भाऊबंद बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांच्याही घरी असंच चाललं होतं. चहाचा कप हातात धरून मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मी म्हंजे गॅसचं सिलिंडर झाले बाई," त्या एकदा अमृताला म्हणाल्या होत्या. "हिकडून उचललं, तिकडं ठेवलं. फरक इतकाच, की सिलिंडर भरल्यालं आलं का घरात आनंद होतो."

दोघी खूप हसल्या होत्या. हसून झाल्यावर अमृतानं त्यांची पिशवी भरायला घेतली होती.

या महिन्यांचे दोन कायदे होते. पहिला असा, की एकाच्या महिन्यात दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. दुसरा असा, की ज्याच्या महिन्यात दुखणं सुरू झालं, ते त्यानंच निस्तरायचं, मग महिना उलटला तरी. ऐकायला हा दुसरा कायदा मोठा न्यायाचा वाटतो. पण त्यानं घराघरांत काय केलं ते बघण्यासारखं आहे. महिन्याचा शेवटचा आठवडा आला की म्हातारीचा खोकला कुणाला ऐकू येईनासा झाला. "जरा गरम पाणी पी, होईल बरं," म्हणत दोन्ही घरं तिला घाईनं पुढं सरकवू लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वतःच दुखणं लपवायला शिकली. आपल्यामुळं एका लेकाच्या घरात दुसऱ्या लेकाचं नाव वाईट निघू नये, म्हणून ती दुखणारा गुडघा पदराखाली धरून "बरं हाय" म्हणू लागली.

लस घेतली त्या संध्याकाळी त्यांचं अंग कोमट लागलं.

"अहो, आईंना थोडी कणकण आहे," अमृता नवऱ्याला म्हणाली.

सोमनाथ जेवत होता. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता आणि दिवसभर उभा राहून त्याचे पाय आंबले होते. "लसीची असणार. उतरेल," तो म्हणाला. "पण दादाला नको सांगू. तो म्हणेल, दुखणं तुमच्याकडचं आहे, बरी करूनच पाठवा. मग हा महिना आपल्याच गळ्यात."

सकाळी त्यानं आईला मोटारसायकलवर मागं बसवलं. अमृतानं इन्सुलिनचं पेन फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पिशवीबरोबर थर्मासमध्ये ठेवलं, थर्मास पिशवीत ठेवला. साखर मोजायचं यंत्र मात्र फ्रिजवरच राहिलं. ते सोमनाथनं आणलेलं होतं. दादानं आपलं घ्यावं, असं त्याचं म्हणणं, आणि दादाचं म्हणणं असं, की एवढ्या मोठ्या कंपनीत आहे, एक यंत्र देववत नाही होय.

अमृतानं जावेला फोन केला. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"ताई, आईंना काल लस दिलीय. डॉक्टर म्हणाले, जरा लक्ष ठेवा."

"बरं."

"साखर वर जाऊ शकते म्हणाले."

"बरं बाई, ठेवते. ठेव आता, तवा तापलाय."

एवढंच. इन्सुलिन बंद करू नका, हे वाक्य तेवढं राहिलं. सायली पलंगावरून उतरायला बघत होती, अमृता तिच्याकडं धावली.

संध्या, म्हणजे बद्रीनाथची बायको, वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला दोष ठेवायला सोपी जागा सापडते आणि मग पुढचं कुणी वाचत नाही. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. पहाटे घरातल्या भाकरी, मग कंपनीतल्या पोळ्या, परतल्यावर पुन्हा घरातल्या भाकरी. सासू आली त्या दिवशी तिनं खाटेवर धुतलेली चादर घातली. पेन फ्रिजच्या दारात ठेवलं.

शेजारची कडूबाई उंबऱ्यावर टेकली. "कामून गं, आत्याबाई निपचित दिसतेत?"

"लस दिलीय की. आता सुई द्यायची हाय साखरंची."

"अगं बाई! कालची लस अंगात मुरली नाय आन वरून दुसरी सुई? दोन औषधं अंगात भिडतेत, मंग गाठ धरती. आमच्या जावेच्या भावाला तसंच झालं व्हतं. चार-आठ दिवस थांब की."

"आन साखर?"

"जेवल्याच नाय तर साखर कुठून वाढंल? तूच सांग."

हे संध्याला पटलं. कुणालाही पटावं असंच ते होतं. सासूबाई दोन घास खाऊन ताट सारत होत्या. पोटात अन्न नाही आणि वरून साखर उतरवायची सुई दिली, तर बाई चक्कर येऊन पडेल, अशी खरीच भीती तिला वाटली. तापलेल्या, आजारी अंगात न जेवताही साखर वाढत जाते, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आत्याबाई, सुई राहू द्यायची का थोडे दिवस?"

"राहू दे माय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तेवढाच तुझा एक कुटाणा कमी."

अशक्तपणा वाटतोय म्हणून संध्या ग्लुकोजची पावडर घालून लिंबाचं सरबत करून द्यायची, कँटीनला जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. सासूवर माया होती म्हणूनच करायची.

सरबतानं तहान भागायच्या ऐवजी वाढत होती. जितकी तहान, तितकी लघवी. संडास अंगणाच्या कडेला, दोन पायऱ्या उतरून. गुडघ्यांना त्या झेपत नसत, दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागे. दिवसभर राबून आलेल्या सुनेला किती वेळा उठवायचं? मनकर्णाबाईंनी त्यावर आपला उपाय काढला. त्यांनी पाणी पिणंच सोडलं. घसा चिकटायला लागला की त्या पदराचं टोक तांब्यात बुडवून ओठांना लावत आणि डोळे मिटून पडत.

"कशा आहेत आई?" अमृता रोज फोनवर विचारायची.

"बरं हाय. झोपून असतेत. लसीचं हाय, उतरंल," संध्या सांगायची.

ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच दिसत होतं. आणि बरं नाही म्हणावं, तर दुखणं आपल्या महिन्यातलं ठरेल, हेही मनात कुठंतरी होतंच.

एका दुपारी, संध्या कँटीनहून परतल्यावर, अमृतानं व्हिडिओ कॉल लावला. आजीला बघून सायली टाळ्या पिटायची, आजीही पलीकडून टाळ्या वाजवायची, हा दोघींचा नेहमीचा खेळ. सायलीनं टाळ्या वाजवल्या. पलीकडून काही नाही. मनकर्णाबाई पडद्याकडं बघत होत्या, पण कुठंतरी त्याच्या पलीकडं. ओठांवर पांढरे पापुद्रे होते. जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा आवाज आला.

"कुणाचं लेकरू गं हे?" त्यांनी विचारलं.

अमृतानं सायलीला पडद्याजवळ धरलं. "आई, सायली आहे. आपली सायली."

"व्हय? लई रडतंय. त्याच्या मायकडं द्या त्याला."

सायली रडत नव्हती. ती अजून टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी सोमनाथ आला, बूट काढत दारातच बसला.

"आज शेंद्र्याच्या फाट्यावर उतरला नाहीत?" अमृतानं विचारलं.

"कशाला?"

"आईंना बघायला. त्यांनी सायलीला ओळखलं नाही."

"झोपेत असेल. वय झालंय गं तिचं."

"अहो, कंपनीची बस रोज फाट्यावर थांबते. घर दिसतं तिथून."

"दादाचा महिना आहे अमृता." तो चिडला नाही. फार थकलेल्या माणसासारखा बोलला. "मागं एकदा गेलो होतो, तर वहिनी म्हणाली, तपासायला आलात का भाऊजी, उपाशी ठेवतो का आम्ही तुमच्या आईला. पुन्हा जायचं तोंड राहिलं नाही. आणि दारापुढं रिक्षा, माणसं असं काही दिसलं नाही बसमधून. म्हणजे ठीक आहे सगळं."

तिला त्या क्षणी नवऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आपणही रोज "बरं हाय" ऐकून फोन ठेवतच होतो, हे तिच्या मनात आलं. कायदा दोघांनी केला होता, पण चौघं मिळून तो पाळत होते.

सकाळी सोमनाथ कामावर गेल्यावर तिनं फ्रिजवरचं यंत्र पर्समध्ये टाकलं, सायलीला कडेवर घेतलं आणि सिडकोहून जालन्याकडं जाणारी बस धरली. चिकलठाणा मागं पडलं, कंपन्यांची कुंपणं सुरू झाली. सायली खिडकीच्या गजाला तोंड लावायची, अमृता तिचं तोंड पुसायची, पुन्हा तेच. डॉक्टरांचं सगळं बोलणं आता तिला शब्द न शब्द आठवत होतं. ऐकलेलं हरवत नाही, नको तेव्हा गप्प बसून राहतं.

संध्या कँटीनला निघायच्या तयारीत होती. दारात धाकट्या जावेला बघून तिचा चेहरा आवळला.

"या. शहरातून तपासणी आली वाटतं."

"ताई, इन्सुलिन कुठंय?"

"फ्रिजात."

अमृतानं पेन उजेडात धरलं. आपण पाठवलं तेव्हा औषध जिथवर होतं, अगदी तिथवरच होतं.

"एकदाही दिलं नाही?"

"लसीवर दुसरी सुई देत नाय म्हणून थांबले," संध्या म्हणाली, आणि जावेचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "का? द्यायची व्हती?"

मनकर्णाबाई खाटेवर होत्या. डोळे खोल गेलेले, श्वास जलद. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. अमृतानं बोटाला सुई टोचली. रक्त दाट, सावकाश आलं. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. आकड्याच्या जागी दोन अक्षरं आली. साखर इतकी चढलीय की या यंत्राला मोजता येत नाही, असा त्यांचा अर्थ होता. यंत्राबरोबरचा कागदही अमृतानं शेवटपर्यंत वाचलेला होता.

"यांना लगेच दवाखान्यात न्यायचंय."

तेवढ्यात बद्रीनाथ रानातून आला. दारातच त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि पायातली वहाण काढायच्या आधी विचारलं, "लस कुणी दिली?"

"आम्ही. भाऊजी, आता ते..."

"कुणाच्या महिन्यात?"

"आमच्या."

"मंग दुखणं कुणाचं झालं?"

त्यानं भावाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. सोमनाथच्या मागं यंत्रांची धडधड होती.

"सोम्या, तुझ्या लसीनं मायला आडवं पाडलंय. ये आन घिऊन जा."

"दादा, माझ्याकडून निघाली तवा गाडीवर धडधाकट बसली होती. इतके दिवस तुझ्याकडं आहे."

"निघाली तवा ताप व्हता का नव्हता? मायची आण घिऊन सांग."

फोनमधून नुसती धडधड येत राहिली.

"बघ! व्हता ना ताप! लपवून धाडली!"

"आणि तू मागच्या आषाढात काय केलंस? पायाची जखम फडक्यात गुंडाळून माझ्या दारात सोडली नव्हतीस?"

ज्या आईची आण घातली जात होती ती खाटेवर चादरीचे धागे उपटत होती. बोटं सारखी चालत होती, जणू शेंगा फोडत होती. दोघा भावांचं म्हणणं खरं होतं, पुरावे खरे होते, आणि एकमेकांविरुद्ध ते इतके तयार होते की हे भांडण दोघांनी मनात कितीदा तरी करून ठेवलं असणार.

अमृतानं सायलीला कमरेवर नीट बसवलं. "भाऊजी, तुम्ही दोघं ठरवा," ती म्हणाली. "ठरलं की सांगा. तोवर मी यांना नेते."

ती बाहेर रस्त्यावर गेली आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला आडवा हात केला. परत आली तेव्हा संध्यानं कँटीनचा डबा चुलीपाशी ठेवून दिला होता आणि सासूच्या पाठीखाली हात घातला होता.

"तू पाय धर," संध्या म्हणाली. "लेकरू खाली ठेव आधी. अशानं पडंल ते."

रिक्षात मनकर्णाबाईंचं डोकं संध्याच्या मांडीवर होतं.

"मी सरबत देत व्हते गं," संध्या एकदम म्हणाली. "रोज. ग्लुकोज घालून."

"ताई, आता नको."

"तू सांगितलं असतं तर..."

"अर्धंच सांगितलं मी."

संध्यानं मान हलवली. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. त्यासाठी अंगात थोडं बळ लागतं.

दवाखान्यात बद्रीनाथ मोटारसायकलवर मागोमाग पोचला, सोमनाथ कंपनीतून परस्पर आला. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरबाईंनी विचारलं, अलीकडं काही झालं होतं का, ताप, जंतुसंसर्ग, लस?

"लस!" बद्रीनाथ म्हणाला. "तेच म्हणतोय मी कवाचा. लसीनं केलं सगळं."

"लसीनं नाही केलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याही दमलेल्या होत्या. "लसीनंतर थोडा ताप येतो, साखर थोडी चढू शकते. मोजत राहिलं, औषध चालू ठेवलं, तर दोन-चार दिवसांत जागेवर येते. यांचं इन्सुलिन बंद होतं, पाणी बंद होतं, आणि वरून ग्लुकोज चालू होतं. अंगातलं पाणी संपत गेलं, साखर चढत गेली आणि त्याचा परिणाम मेंदूवर झाला. लस पुढच्या वर्षीही द्या. पण त्यानंतर माणसाकडं बघा. घरी बघणारं कोण असतं यांना?"

चार माणसं उभी होती.

पुढचे दिवस बाकड्यावर गेले. संध्यानं घरून डबा आणायचा, अमृतानं आत जाऊन यायचं, मग सायलीला एकीनं फिरवायचं तोवर दुसरीनं डोळे मिटायचे. जावा इतका वेळ एकमेकींच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या. एकदा संध्या म्हणाली, "मला वाटायचं तुला लई शिष्टपणा हाय." अमृता म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर चिडूनच असता." "चिडूनच व्हते की," संध्या म्हणाली, आणि डब्यातली शेवटची चटणी तिच्याकडं सरकवली.

मनकर्णाबाई शुद्धीवर आल्या. वाचल्या. मात्र पूर्वीच्या परतल्या नाहीत. बोलताना मधेच शब्द हरवायचा, मग त्या हातानं हवेत चाचपडायच्या.

घरी सोडायच्या दिवशी दोघे भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभे होते. बद्रीनाथनं घसा खाकरला.

"आता दवाखान्यातले दिवस कुणाच्या महिन्यात धरायचे, तेवढं बोलून घेऊ. निम्मे-निम्मे धरले तर..."

"हिकडं या दोघं," खाटेवरून आवाज आला.

दोघे वळले. मनकर्णाबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"मला महिना नको आता," त्या म्हणाल्या. "मी पिशवी भरणार नाय. शेंद्र्याचं घर मी आन तुमच्या बापानं बांधलं. इटा मी डोक्यावर वाहिल्या. मी तितंच राहीन. तुम्हाला... ते काय म्हणतेत..." हात हवेत फिरला. "फिरायचं. तुम्हाला फिरायचं असंल तर तुम्ही फिरा. लेकरांनी यायचं असतं मायकडं. माय कशाला वाटंवर?"

संध्याचा चेहरा उतरला. तिनं स्पष्टच विचारलं, "आत्याबाई, म्हंजे बाराही महिने माझ्याच गळ्यात का?"

प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. आजवर अशा प्रश्नांना उत्तर न देताच कुणातरी बाईच्या अंगावर सगळं टाकलं गेलं होतं.

"नाही ताई," अमृता म्हणाली. "यांची बस रोज फाट्यावर थांबते. येताना हे उतरतील, संध्याकाळची साखर हे मोजतील, सुई हे देतील, मग घरी येतील. रविवारी मी आणि सायली तिथं, दिवसभर. तुम्ही माहेरी जा नाहीतर झोपा. सकाळची सुई भाऊजी देतील."

"मी?" बद्रीनाथ म्हणाला.

"मला सुई टोचता येत नाही," सोमनाथ म्हणाला. "हात कापतो माझा."

"शीक," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. शिकवलीच की."

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. सोमनाथ हसला नाही. तो नवऱ्याच्या नजरेनं बायकोकडं बघत होता, की हिनं घरी न बोलता चारचौघांत हे कसं ठरवलं. अमृतानं नजर वळवली नाही. "आमच्या घरात आता कुणाचा महिना नाही," ती म्हणाली. "आईंची पिशवी मी यापुढं भरणार नाही. कुणी भरली तर मी रिकामी करीन."

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. पहिल्या आठवड्यात सोमनाथचा हात खरंच कापला आणि आईनंच त्याचं मनगट धरलं. एकदा जादा काम निघालं आणि तो फाट्यावर उतरला नाही. त्या रात्री घरात मोठी भांडणं झाली. बद्रीनाथ अजून म्हणतो, माझ्या घरात रोज संध्याकाळी तपासणी येती. संध्या कधी कधी दमून जोरात भांडी आपटते. मनकर्णाबाई पेनवरची, औषध किती द्यायचं ते ठरवायची चकती स्वतः फिरवायला शिकल्या आहेत. डोळ्यांना आकडा दिसत नाही, तर त्या एकेक टिकटिक कानानं मोजतात आणि लेकाला म्हणतात, आता बघ बरोबर हाय का. आणि त्या पाणी मागतात. मोठ्यानं मागतात.

त्यांच्या गल्लीत मात्र महिना संपला की अजूनही कुठल्यातरी ओट्यावर पिशवी येऊन बसते आणि तिच्या शेजारी एक म्हातारं माणूस. येणारे-जाणारे विचारतात, "निघाल्या का?" जसं काही त्या स्वतःच्या मनानं निघाल्या आहेत. या चालीला आपण गोड नाव दिलं आहे. आपण तिला सोय म्हणतो. कुणाची सोय, ते विचारत नाही. आईबापांना खाऊपिऊ घातलं, कपडालत्ता केला, औषधं आणून ठेवली, म्हणजे आपलं झालं असं आपल्याला वाटतं, आणि माणसाकडं बघायचं काम दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर पडून राहतं. तिथं ते कुणाचंच नसतं.

हे वाचून होईल तेव्हा कुणाचं तरी नाव तुमच्या मनात आलं असेल. आई, सासू, चुलता, वरच्या मजल्यावरच्या काकू. साखर असेल त्यांना, नुकतीच लस घेतली असेल, किंवा ताप येऊन गेला असेल. त्यांचं बघणारं दुसरं कुणी आहे, हे मलाही माहीत आहे. तरीही आज त्यांच्याकडं जाऊन या. जाणं जमतच नसेल तर फोन करा, पण "कशा आहात" एवढं विचारून ठेवू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. आज पाणी किती प्यायलात, साखर शेवटची कधी बघितली, औषध मधेच कुणी बंद तर केलं नाही ना, असं एकेक विचारा. आणि बोलता बोलता त्यांची जीभ अडखळली, तर बसल्या जागेवरून उठा.